घरातल्या भिंगाने मोबाईलवर जवळचे फोटो कसे काढायचे, अगदी पहिल्यापासून

मुंगीचा, रांगोळीच्या कणांचा नाहीतर पैठणीच्या जरीचा फोटो काढायचा म्हणून आपण मोबाईल जवळ नेतो, अजून जवळ नेतो, आणि एका जागी आल्यावर सगळं पुसट होऊन जातं, मग स्क्रीनवर कितीही टॅप करा, साफ काही होत नाही. मोबाईल बिघडलेला नसतो. बहुतेक मोबाईलचा मेन कॅमेरा साधारण ८ ते १० सेंमीपेक्षा जवळचं बघूच शकत नाही, तेवढीच त्याची पोच. ही पोच वाढवायला महागडी मॅक्रो लेन्स लागत नाही, आजीचं पोथी वाचायचं भिंग असलं तरी सुरुवात होते. मी गेली तीन वर्षं नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घराच्या गॅलरीत बसून हेच करतेय आणि शेजारपाजारच्या मुलांना शिकवून शिकवून मला कळलंय की नवीन माणूस कुठे अडतो, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. भिंग लावल्यावर फोकस बोटाने होत नाही, अंतराने होतो. प्रत्येक भिंगाचं एक ठरलेलं अंतर असतं, वस्तू त्या अंतरावर असेल तर लख्ख दिसणार, दोन मिलिमीटर इकडे तिकडे झाली की गेली. म्हणजे स्क्रीन टॅप करत बसायचं नाही, मोबाईल किंवा वस्तू पुढे मागे सरकवायची. दहातले नऊ जण इथेच कंटाळून सोडून देतात, भिंगाला नावं ठेवतात, आणि भिंग बिचारं चांगलं असतं.

आधी घरात शोधाशोध

पोथीचं किंवा पेपर वाचायचं मोठं दांडीचं भिंग सगळ्यात सोपं, पण त्याची ताकद कमी असते. मुलांच्या विज्ञानाच्या किटमधलं छोटं प्लास्टिकचं भिंग चालतं, फक्त त्यावर चरे नकोत. जुनी खेळण्यातली दुर्बीण मोडली असेल तर तिची पुढची, मोठी फुगीर भिंगं काढून ठेवा. बंद पडलेला फिल्मचा कॅमेरा असेल तर त्याची लेन्स उलटी करून मोबाईलसमोर धरली तर फार सुंदर रिझल्ट येतो, कारण तिच्यात एकाच्या मागे एक बरीच भिंगं असतात आणि ती एकमेकांचे दोष झाकतात. चाळिशीचा चष्मा, म्हणजे प्लसचा, तोही थोडाफार उपयोगी आहे. मायनसचा चष्मा नाही, तो उलट काम करतो.

आणि विकत घ्यायचंच असेल तर एकच वस्तू घ्या, सोनार वापरतात ते घडीचं दहापटीचं भिंग, लूप म्हणतात त्याला. मी माझं सराफ बाजारात घेतलं. घड्याळवाले डोळ्यात अडकवतात ते आयग्लास पण चालतं. घेताना तिथल्या तिथे बोटाचे ठसे बघायचे, मधल्या भागात रेषा काळ्या आणि कडक दिसल्या पाहिजेत, कडेला थोडा निळा-जांभळा रंग फुटतो तो स्वस्त भिंगात येणारच, त्याचं फार मनावर घेऊ नका. डब्यावर ३० पट, ६० पट असं छापलेलं असतं त्यावर मात्र जाऊ नका, ते आकडे बऱ्याचदा नुसते छापलेले असतात, आपण स्वतः मोजायचं.

भिंगाचं अंतर मोजा, पाच मिनिटांचं काम

दहावीच्या विज्ञानात बहिर्गोल भिंग आणि नाभीय अंतर शिकलो होतो ना, तेच इथे कामाला येतं. दिवसा खोलीतला लाईट बंद करा, खिडकीच्या समोरच्या भिंतीजवळ जा, भिंग भिंतीसमोर धरा आणि हळूहळू पुढे मागे करा. एका जागी समोरची बिल्डिंग, झाड, वाळत घातलेले कपडे सगळं उलटं आणि रंगीत असं भिंतीवर उमटतं. पहिल्यांदा बघाल तेव्हा घरच्यांना हाक मारून दाखवा, खरंच छान दिसतं. तिथेच भिंग स्थिर धरून भिंत ते भिंग पट्टीने मोजा. तेच तुमच्या भिंगाचं अंतर. आमच्या आजीच्या भिंगाचं १० सेंमी आलं, लूपचं २.५ सेंमी.

आता याचा हिशेब कसा लावायचा. चष्म्याचा नंबर असतो तसाच भिंगालाही नंबर असतो, १०० ला सेंमीमधल्या अंतराने भागा. १० सेंमीचं भिंग म्हणजे नंबर १०, अडीच सेंमीचं म्हणजे ४०. दोन भिंगं एकावर एक ठेवली की नंबरांची साधारण बेरीज होते, आणि मोबाईल स्वतः १० सेंमीवर फोकस करू शकतो म्हणजे त्याच्याकडे स्वतःचे १० नंबर आधीच आहेत असं धरा. मग आजीचं भिंग लावलं की १० अधिक १०, झाले २०, म्हणजे ५ सेंमीवरून फोटो. लूप लावलं की ५०, म्हणजे २ सेंमीवरून. नुसत्या मोबाईलच्या चौकटीत १० सेंमीवरून साधारण १४ सेंमी रुंदीचा भाग मावतो, आजीच्या भिंगाने ७ सेंमी, आणि लूपने जेमतेम ३ सेंमी. त्यात २ पट झूम केलं तर दीड सेंमी. चाळिशीचा २ नंबरचा चष्मा लावला तर १० चे १२ च होतात, म्हणून त्याने फरक पडतो पण थोडासाच, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

नवीन माणसाने आजीच्या भिंगापासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. लूपने एकदम मोठं दिसतं म्हणून सगळे तिकडे धावतात पण २ सेंमीवर मोबाईलची स्वतःची सावली वस्तूवर पडते, हात थोडा हलला तरी चित्र पळतं, आणि मुंगी तर तोपर्यंत स्वयंपाकघरात पोचलेली असते.

मोबाईलला भिंग लावायचं

आधी मोबाईलचा नक्की कुठला डोळा चालू आहे ते शोधा. हल्ली मागे तीन-चार कॅमेरे असतात. कॅमेरा उघडून १ एक्सवर ठेवा आणि एकेका डोळ्यावर बोट ठेवत जा, स्क्रीन काळी झाली की तोच मेन कॅमेरा, भिंगाचा मध्य बरोबर त्याच्यावर आला पाहिजे. आणि एक भानगड लक्षात ठेवा, बरेच मोबाईल वस्तू जवळ आली की आपणहून दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतात, आपण भिंग एकावर लावलेलं आणि चित्र दुसऱ्यातून येतंय असं होतं. सेटिंगमध्ये ऑटो मॅक्रो किंवा तसं काही असेल तर ते बंद करा. काही मोबाईलमध्ये वेगळा २ मेगापिक्सलचा मॅक्रो कॅमेरा देतात, त्याच्यापेक्षा मेन कॅमेरा आणि आजीचं भिंग कितीतरी चांगलं.

कव्हर काढा. भिंग कॅमेऱ्याला जितकं चिकटून असेल तितकं बरं, मधे फट राहिली तर कडेने काळा गोल येतो आणि उजेडाची चमक आत शिरते. मोठं भिंग असेल तर हाताने धरणं किंवा दोन रबरबँड आडवे घालणं पुरतं. छोट्या भिंगासाठी जाड काळ्या कागदाची चकती कापून मधे भोक पाडा, भोकात भिंग बसवा, आणि चकती साध्या कागदी टेपने मोबाईलला लावा, हा टेप नंतर डाग न पडता निघतो. केसांना लावायची चपटी काळी पिन असते ना, तिच्या चिमट्यात बारकं भिंग मस्त बसतं, पिनेवर टेप लावला की झालं. फेविक्विक मात्र चुकूनही वापरू नका, त्याच्या वाफेनेसुद्धा काचेवर पांढरा थर बसतो.

भिंगाची एक बाजू सपाट आणि एक फुगीर असेल तर फुगीर बाजू मोबाईलकडे आणि सपाट वस्तूकडे. उलटं लावून पण बघा, कडा लगेच जास्त पुसट होतात, फरक डोळ्याने दिसतो. चित्राचा मधला भागच चांगला येणार हे गृहीत धरून वस्तू मध्यभागी ठेवा आणि कडा नंतर कापून टाका, संकोच करू नका, एवढ्या मेगापिक्सलचा उपयोग तरी कधी करणार.

पत्त्यांचा कॅट आणि दहाची नोट

पहिला फोटो हातात धरून काढू नका. हे मी आग्रहाने सांगते. टेबलावर दोन सारख्या उंचीचे पुस्तकांचे गठ्ठे मांडा, मधे वीतभर जागा सोडा, दोन्हीवर पूल टाकल्यासारखा एक कडक पुठ्ठा ठेवा. लग्नपत्रिकेचा डबा असतो ना, त्याचा पुठ्ठा एकदम योग्य. पुठ्ठ्याच्या मध्यात भिंगाएवढं भोक पाडून त्यात भिंग बसवा, वर मोबाईल आडवा ठेवा, स्क्रीन वर आणि कॅमेरा खाली भिंगावर येईल असा. आता मोबाईल हलत नाही, भिंग हलत नाही, अंतर बदलायचं तर वस्तूच वर-खाली करायची.

इथे पत्त्यांचा कॅट घ्या. एक पत्ता साधारण ०.३ मिमी जाड असतो, तीन पत्ते म्हणजे एक मिलिमीटर. लूपमधून बघताना जेवढी जाडी एका वेळी स्वच्छ दिसते ती अर्धा ते एक मिमी असते, म्हणजे एका पत्त्याने फोकस सरकवणं हे अगदी बरोबर मापाचं पाऊल आहे. वस्तूखाली आधी एखादी वही ठेवून उंची जवळपास आणा, मग एकेक पत्ता सारत जा. पुसट, थोडं कमी पुसट, अजून एक पत्ता, आणि एकदम सगळं उजळून वर येतं. त्यानंतरचा पत्ता घातला की परत पुसट. म्हणजे आधीचा बरोबर होता, तो शेवटचा काढून घ्या. मुलांना हा भाग इतका आवडतो की फोटो राहतो बाजूला आणि पत्ते सारणंच चालू राहतं, सारू द्यावं, हाताला अंतर कळायला याहून चांगला रियाज नाही.

पहिली वस्तू म्हणून मी नेहमी दहाची चॉकलेटी नवी नोट देते. आपल्या नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात, रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांनीसुद्धा नोट कधी जवळून बघितलेली नसते. नोट सपाट असते, पळत नाही, आणि फोकस बरोबर आलाय का हे तिच्यावर चटकन कळतं, कारण समोरच्या बाजूला इतक्या बारीक अक्षरात भारत, आरबीआय आणि १० छापलेलं आहे की साध्या डोळ्याला ती नुसती रेघ वाटते. ती अक्षरं वाचता आली तर तुमचं सगळं बरोबर बसलंय असं समजा. मागे कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे त्याच्या रेषा बघा, आणि कागदात इकडे तिकडे पडलेले तंतू पण दिसतात. फक्त नोटेच्या छोट्या भागाचाच फोटो काढा, अख्ख्या नोटेच्या कलर प्रिंट-बिंट काढायच्या नाहीत, तो गुन्हा आहे.

मोबाईलमध्ये करायचं ते असं. प्रो मोड असेल तर फोकस मॅन्युअल करा, एका टोकाला डोंगराचं चिन्ह असतं आणि दुसऱ्याला फुलाचं. डोंगराकडे ठेवलं तर वस्तू भिंगापासून जास्त लांब ठेवता येते, उजेड आत यायला जागा मिळते, फुलाकडे ठेवलं तर वस्तू अजून मोठी दिसते. सुरुवातीला डोंगरच. प्रो मोड नसेल तर स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो. फ्लॅश बंद, टायमर ३ सेकंद, कारण बटण दाबतानाच मोबाईल हलतो. वायरवाला इअरफोन असेल तर त्याच्या आवाजाच्या बटणाने पण बऱ्याच मोबाईलमध्ये फोटो निघतो, टायमरची गरजच राहत नाही.

नोट जमली की पेपरमधला रंगीत फोटो ठेवा. माणसाच्या चेहऱ्याच्या जागी निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके दिसतील, बाकी काही नाही. मग खडेमीठ आणि बारीक मीठ शेजारी शेजारी. मग मोहरी, खसखस. आणि येवल्याची पैठणी घरात असेल तर पदराचा कोपरा, आईला विचारून, जरीच्या एका धाग्यात आतल्या दोऱ्यावर धातूची चपटी तार कशी गुंडाळलीय ते दिसतं, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो फोटो आजीला दाखवला, ती म्हणाली, "अगं ही माझ्या लग्नातली, मी कधी एवढं बघितलंच नाही हिच्याकडे." मग तिने भिंग मागून घेतलं आणि अर्धा तास पदर बघत बसली.

उजेड

भिंगाच्या किमतीपेक्षा उजेड महत्त्वाचा, हे मला पटायला वर्ष लागलं. मोबाईलचा स्वतःचा फ्लॅश इथे कामाचा नाही, भिंगामुळे तो अडतो नाहीतर एका बाजूने भगभगीत पडतो. सकाळी नऊ-साडेनऊचं गॅलरीतलं ऊन, थेट नाही तर बाजूने येणारं, हे सगळ्यात छान. ज्या बाजूला अंधार राहतो तिथे पांढरा कागद किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करा, सावली निम्मी होते.

किड्याचं चकचकीत कवच, दाणेदार साखर, पाण्याचे थेंब असल्या चमकणाऱ्या वस्तूंना पांढरे टिपके पडतात आणि रंग मरतो. त्यावर माझा उपाय श्रीखंडाचा रिकामा पांढरा डबा. स्वच्छ धुऊन त्याचा तळ कापायचा, डबा वस्तूभोवती कड्यासारखा ठेवायचा, वरून भिंग, आणि बाहेरून दुसऱ्या मोबाईलची बॅटरी मारायची. उजेड सगळीकडून मऊ येतो. डबा नसेल तर बॅटरीवर बटर पेपर लावा. याच्या बरोबर उलट, खरबरीतपणा दाखवायचा असेल, उदाहरणार्थ पानावरची लव, नाण्यावरचं कोरीव काम, कापडाची वीण, तर डबा नको, खोली अंधारी करून बॅटरी टेबलाला जवळजवळ टेकवून आडवी मारा, प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि सपाट दिसणारी वस्तू डोंगरदऱ्यांसारखी दिसायला लागते.

आणि उन्हाबद्दल एक गंभीर सूचना. मी एकदा भिंग गॅलरीच्या कठड्यावर पेपरवर तसंच ठेवून चहा करायला गेले, परत आले तर पेपरला तपकिरी भोक पडून धूर येत होता. शेजारी सुकायला टाकलेले कपडे होते. तेव्हापासून भिंग वापरून झालं की लगेच कापडी पिशवीत आणि पिशवी कपाटात. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, भिंग लावलेला मोबाईल सूर्याकडे करायचा नाही, लहान मुलांच्या हातात भिंग असेल तर आपण तिथेच बसायचं.

जिवंत किडे आणि बाहेरचे फोटो

पुस्तकांचा पूल बाहेर नेता येत नाही, तिथे आपलं शरीरच स्टँड. दोन्ही कोपर अंगाला चिकटवा किंवा जमिनीवर टेकवा, मोबाईल दोन्ही हातांनी, आणि डाव्या हाताची करंगळी फांदीला किंवा दगडाला टेकवून ठेवा, म्हणजे फांदी हलली तर आपणही तिच्याबरोबर हलतो आणि अंतर तेच राहतं. फोकस लॉक करून अंगानेच हळूच पुढे झुकायचं आणि झुकताना बटण दाबून धरून लागोपाठ वीस-पंचवीस फोटो घ्यायचे. त्यातला एखादा बरोबर लागतो. बाकी सगळे त्याच दिवशी डिलीट करा, नाहीतर मोबाईल भरतो आणि मग कंटाळा येतो.

फोकस डोळ्यावर. किड्याचे डोळे साफ आले की मागचं अंग पुसट असलं तरी फोटो जिवंत वाटतो. आणि बाजूने काढा, म्हणजे अख्खं अंग एकाच अंतरावर येतं, जास्त भाग साफ दिसतो. सकाळी लवकर जा. किड्यांचं अंग बाहेरच्या हवेइतकंच गार असतं, ऊन लागेपर्यंत ते सुस्त असतात, थंडीत तर आठ वाजेपर्यंत चतुर पानावर दव अंगावर घेऊन तसाच बसलेला सापडतो. निफाडकडची थंडी तर सगळ्यांना माहितीये, तिकडे डिसेंबरात गेलात तर भिंगावर आपल्याच श्वासाची वाफ बसते, म्हणून श्वास बाजूला सोडायचा. काही जण किडा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करतात, कृपा करून असं करू नका, त्यात तो मरूही शकतो आणि पहाटे उठलं तर त्याची गरजच पडत नाही.

पहिला पाऊस झाला की जमिनीवर लाल मखमली मृगाचा किडा फिरतो, नवशिक्यासाठी याच्यासारखा मॉडेल नाही, सावकाश चालतो आणि त्याच्या अंगावरचा केस न् केस भिंगात दिसतो. घरात भिंतीवर असतो तो उड्या मारणारा छोटा कोळी, तो तर स्वतःच वळून कॅमेऱ्याकडे बघतो. पावसाळ्यात अंजनेरीवर गेलात तर तेरडा, सोनकी, दगडावरचं शेवाळ, त्यातली बारकी बारकी फुलं, दिवस पुरत नाही. पण वाटेवरूनच. सेरोपेजिया अंजनेरिका ही वेल त्या डोंगराच्याच नावाने ओळखली जाते, इतकी दुर्मिळ आहे ती, आणि फोटोसाठी आडवं झोपताना आपण नक्की कशावर झोपतोय हे बघत नाही. फूल तोडून सोयीच्या जागी ठेवून फोटो काढणाऱ्यांना मी तोंडावर सांगते की असं करू नका, राग आला तरी चालेल.

पाण्याचा थेंब आणि डीव्हीडीचं भिंग

काहीच भिंग नसेल तर पाण्याचा थेंब पण भिंगच आहे. थेंब सरळ मोबाईलवर टाकू नका, शर्टाच्या बॉक्सवरचं पारदर्शक प्लास्टिक असतं त्याचा तुकडा कापा, त्यावर सुईच्या टोकाने एक छोटा थेंब ठेवा, आणि तुकडा झटकन उलटा करा, थेंब लोंबकळत राहतो. तो पुठ्ठ्याच्या भोकावर ठेवून वर मोबाईल. वस्तू अगदी काही मिलिमीटरवर आणावी लागते. थेंब लहान तर ताकद जास्त, कारण भिंग जितकं बारकं आणि जितकं गोल तितकं ते मोठं दाखवतं. १७व्या शतकात डेल्फ्ट गावच्या ल्युवेनहॉक नावाच्या कापड व्यापाऱ्याने असल्याच बारक्या एका भिंगाने पाण्यातले जीव बघितले होते, आणि २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी कागदाच्या घडीचा फोल्डस्कोप जगासमोर आणला त्यातही एकच बारीक भिंग आहे. थेंब दहा-पंधरा मिनिटांत सुकतो, पण गंमत म्हणून मुलांबरोबर नक्की करा.

बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेयरमध्ये डिस्क वाचायचं एक मसुराएवढं भिंग असतं, ते पिनेत धरून लावलं की चौकटीत जेमतेम ५ मिमीचा भाग येतो. प्लग काढलेला असतानाच उघडा, आतल्या लेझरकडे चालू अवस्थेत बघणं डोळ्यांना घातक आहे. याला वस्तू जवळजवळ टेकवावी लागते आणि उजेड वस्तूच्या खालून द्यावा लागतो, म्हणून हे दुसऱ्या महिन्यात करा, पहिल्या नाही.

द्राक्षाच्या बागेत

ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठी हे शेवटचं थोडं सविस्तर लिहिते. पिंपळगावला माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, पानावर काहीतरी दिसलं की ते सल्लागारांना फोटो पाठवायचे आणि तिकडून उत्तर यायचं, नीट फोटो पाठवा. मी गेल्या वर्षी गेले तेव्हा मामा म्हणाले, "तुझं ते भिंग इथे चालतंय का बघ बरं." म्हटलं, "मामा, तुम्हीच धरा, मी नुसतं सांगते."

आजीच्या भिंगाइतक्या ताकदीचं भिंग पानासाठी पुरतं. पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, एका बाजूवर भागत नाही. डाऊनी हा बुरशीचा रोग असेल तर वरून तेलकट पिवळे डाग आणि बरोबर त्याच जागी खालून पांढरी लव दिसते, ती लव आडव्या बॅटरीने स्पष्ट उठून येते. भुरी हा दुसरा बुरशीचा रोग, त्याची पावडर वरच्या बाजूला पण असते आणि आडव्या उजेडात ती पिठासारखी पसरलेली दिसते. पान तोडायचं असेल तर तोडून लगेच सावलीत, पुठ्ठ्यावर सपाट ठेवून.

थ्रिप्स म्हणजे फुलकिडे साधारण एक मिमीचे, पानात शोधत बसू नका. शेंड्याखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, जे खाली पडतं आणि चालायला लागतं त्याचा लूपने फोटो. कागद साधा घेण्यापेक्षा शाळेतला आलेखाचा कागद घ्या, त्यावर एक-एक मिमीच्या रेघा असतात, म्हणजे फोटो बघणाऱ्याला किडा केवढा आहे हे आपोआप कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्या दिवशी मामांचे बारा फोटो पुसट आले, तेराव्याला ते स्वतःच म्हणाले, "अगं, हात नाही, कागदच वर घ्यायचा ना?" आणि डावा हात मोबाईलला तसाच ठेवून त्यांनी कागद बोटभर उचलला, थांबले, केसभर खाली केला, आणि पिवळसर लांबट थ्रिप्स त्याच्या झालरीसारख्या पंखांसकट रेघेवर बसलेला दिसला.

फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबला जाऊन लहान होतो आणि एवढी मेहनत वाया जाते. अटॅचमधून डॉक्युमेंट निवडून पाठवा, म्हणजे जसा काढलाय तसा पोचतो. सोबत तीन गोष्टी टाईप करा, पान वेलीच्या कुठल्या भागातलं आहे, छाटणीला किती दिवस झाले, आणि शेवटची फवारणी कधी आणि कशाची. औषध कुठलं मारायचं हे फोटो बघून स्वतः ठरवायचं नाही, ते सल्लागारांना ठरवू द्या.